संपाच्या वर्षांतली आमची शाळा : आजच्या मुलांसाठी थोडी शिदोरी

जून महिना आला की आपल्या वस्तीत वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू होते. त्याच वेळी काही घरांत वेगळाच हिशेब चाललेला असतो. मोठा मुलगा नववीत गेला आहे, घरात खाणारी तोंडे सहा आणि कमावणारा एक. मग त्याला आणखी शिकवावे की कुठेतरी चिकटवून द्यावे? मुलगी आठवीत आली आहे, शाळा लांब आहे, घरात धाकटी भावंडे आहेत. मग तिला घरी बसवावे काय? हा हिशेब घाईत मांडला गेला तर त्याची किंमत पुढची तीस-चाळीस वर्षे मोजावी लागते. ही किंमत मोजली जाताना आम्ही आमच्याच वर्गात पाहिली आहे. म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे मुंबईच्या गिरणगावात, वरळी आणि डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळींत वाढलेली आणि मार्च १९८४ मध्ये एस.एस.सी.च्या परीक्षेला बसलेली काही मुलेमुली. आज आम्ही साठीला टेकलो आहोत. कुणी बेस्टमध्ये नोकरी केली, कुणी इस्पितळात परिचारिका झाली, कुणी महापालिकेच्या शाळेत शिकवले, कुणी अजून टॅक्सी चालवतो. वर्षातून एकदा आम्ही भेटतो. गप्पा होतात, जुन्या खोड्या निघतात, हसणे होते. गेल्या भेटीत एक मैत्रीण म्हणाली, "आपलं हसून झालं. पण आपली नातवंडं आता आठवी-नववीत आहेत. त्यांच्या कामाचं काही सांगणार का नाही?" तेव्हा जे आठवले आणि जे उपयोगी पडेल असे वाटले, ते सर्वांनी मिळून इथे मांडले आहे.

एका खोलीतला अभ्यास

बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, आणि प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आईवडील, चार-पाच भावंडे, आजी, शिवाय गावाकडून नोकरीसाठी आलेला एखादा चुलता. संडास मजल्यावर सामाईक. पाणी पहाटे यायचे. आता या चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि काही कुटुंबे नव्या इमारतींत गेलीही आहेत. पण एका खोलीत आठजण राहण्याचे दिवस आपल्या समाजातून संपले असे कुणी समजू नये. मुंबईच्या झोपडपट्टीत आणि गावाकडच्या वस्तीतही अभ्यासाला कोपरा न मिळणारी मुले आजही आहेत.

आम्ही अभ्यास कुठे करीत होतो? चाळीच्या लांब पॅसेजमधल्या दिव्याखाली, जिन्याच्या पायरीवर, गच्चीवर, जांबोरी मैदानाच्या कडेला आणि परीक्षा जवळ आली की वरळीच्या समुद्रकाठी दिव्याच्या खांबाखाली. कुरकुर केली की घरातली मोठी माणसे बाबासाहेबांची गोष्ट सांगत. परळच्या चाळीत एकच खोली, त्यातच स्वयंपाक आणि त्यातच झोपणे. रामजीबाबा मुलाला रात्री दोनला उठवीत आणि तेवढ्या शांततेत अभ्यास होई. त्याच खोलीतून एल्फिन्स्टन हायस्कूलला जाऊन बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्याआधी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या हायस्कूलमध्ये त्यांचे नाव दाखल झाले होते. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. स्वतंत्र खोली मिळेल तेव्हा अभ्यास करू, असे म्हणणाऱ्याचा अभ्यास होत नाही. वेळ ठरवून घ्यावी आणि ती मोडू नये. आमच्यातल्या एकीने दोन वर्षे पहाटे पाण्याच्या रांगेत हंडा लावून तिथेच इतिहासाच्या सनावळ्या पाठ केल्या. वर्गात इतिहासात ती कायम पुढे असे. दुसरी गोष्ट पालकांसाठी आहे. ज्या घरात रात्री आठ ते दहा रेडिओ बंद राहायचा, त्या घरातली मुले पास झाली. आज रेडिओच्या जागी टीव्ही आणि मोबाईल आहे. मुलाला मोबाईल ठेव म्हणायचे आणि शेजारी बसून आपण तोच पाहायचा, हे चालायचे नाही.

भोंगे बंद पडले तेव्हा

आम्ही आठवीत होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते होते आणि जवळपास अडीच लाख कामगार संपावर होते. तोवर आमची सकाळ गिरणीच्या भोंग्यावर सुरू होई. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की बाप डबा घेऊन निघे आणि आम्ही उठून तोंड धूत असू. भोंगे बंद पडले आणि घराघरांतला पगारही बंद झाला. संप थोड्या दिवसांत मिटेल असे सगळे म्हणत होते. तो रीतसर मागे घेतला गेल्याचे आम्ही कधीच ऐकले नाही. हजारो माणसांना पुन्हा आत घेतलेच नाही.

आमचे वडील बहुतेक रिंग खात्यात, म्हणजे कताईच्या बाजूला. याचे कारण जुने होते. विणकाम खात्यात पगार जास्त असे. पण तिथे धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याने विटाळ होतो म्हणून पूर्वी अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आमच्या आज्यांनी हे सगळे पाहिलेले होते. म्हणून घरात एक गोष्ट पक्की होती. पोराने शिकायचे, गिरणीच्या दारात उभे राहायचे नाही. संपाने नेमका हाच निश्चय हलवला.

त्या वर्षी वर्गातली बाके रिकामी होऊ लागली. काही कुटुंबे रत्नागिरीकडे, काही सातारा-सांगलीकडे गावी निघून गेली. काही मुले कामाला लागली. पहाटे दूध केंद्रावर बाटल्या द्यायच्या, पेपरची लाईन टाकायची, संध्याकाळी उकडलेली अंडी विकायची, वर्कशॉपमध्ये पडेल ते काम करायचे. आयांनी खानावळीचे डबे सुरू केले, कुणी धुण्याभांड्याची कामे धरली. आठवीत पन्नासच्या आसपास असलेला आमचा वर्ग दहावीला पोहोचेपर्यंत दहा-बाराजणांनी कमी झाला होता. त्यांतली काही मुले आमच्यापेक्षा हुशार होती.

आमचे वर्गशिक्षक एके दिवशी शाळा सुटल्यावर थेट चाळीत आले. एका मित्राच्या वडिलांनी त्याला शाळेतून काढून वर्कशॉपला लावला होता. सर दारातच उभे राहिले. "अहो, पोराला सकाळी कामाला धाडा हवं तर. पण पटावरचं नाव काढू नका," ते म्हणाले. वडील म्हणाले, "सर, फी कुठनं भरू?" सर म्हणाले, "फी माफीचा अर्ज मी भरून घेतो. तुम्ही फक्त सही करा आणि पोराला पाठवा." तो मित्र शाळेत परत आला. सकाळी दूध केंद्र, दुपारी शाळा, असे त्याने दोन वर्षे काढले आणि पुढे सरकारी नोकरीतून निवृत्त झाला. त्याच मजल्यावरचा दुसरा मित्र वर्कशॉपमध्येच राहिला. हात चांगला चालायचा, पण कागद नव्हता. म्हणून तो आयुष्यभर हेल्परच्या पगारावर राहिला. दोघांत फरक अकलेचा नव्हता, पटावर टिकलेल्या नावाचा होता.

आजही घरात कमावणारा आजारी पडतो, काम जाते, कर्ज होते. अशा वेळी मुलाने थोडा हातभार लावला तर त्यात कमीपणा नाही. पण शाळा तोडू नका. शाळा बदला. मोठ्या शहरांत रात्रशाळा आहेत, दिवसा काम करून रात्री शिकता येते. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी पुण्यात १८५५ सालीच रात्रीची शाळा काढली होती, म्हणजे ही वाट आपल्याला नवी नाही. रात्रशाळाही जमत नसेल तर फॉर्म नंबर १७ भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. मुक्त विद्यालयाची परीक्षाही आहे. शाळा सुटलेल्या आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने लग्नानंतर, दोन मुले झाल्यावर फॉर्म १७ भरला आणि दहावी पास होऊन अंगणवाडीत लागली.

दाखल्यावर काय लिहिले आहे ते आजच वाचा

शाळा सोडल्याचा दाखला हा कागद आपल्या घरात बहुधा ट्रंकेच्या तळाशी असतो आणि गरज पडेपर्यंत कुणी वाचत नाही. आमच्या पिढीला या कागदाने फार शिकवले.

१९५६ साली आपल्या माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला. काही घरांनी शाळेत अभिमानाने बौद्ध अशी नोंद केली. काही ठिकाणी नाव घालताना शाळेच्या कारकुनाने विचारलेच नाही, जुन्याप्रमाणे हिंदू महार लिहून मोकळा झाला. एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर दोन वेगळ्या नोंदी, असेही आम्ही पाहिले. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्र सरकारच्या नोकरीत मात्र बौद्ध लिहिलेल्या उमेदवाराला अनुसूचित जातीची सवलत मिळत नव्हती. १९८० च्या दशकात रेल्वे, टपाल, बँक अशा ठिकाणी अर्ज करताना आमच्यातल्या कितीतरी जणांना खुल्या जागेसाठीच अर्ज करावा लागला. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना अनुसूचित जातीत धरले जाऊ लागले. तोवर काहींची वयोमर्यादा संपली होती.

आज कायदा आपल्या बाजूने आहे, पण कागद मागितले जातातच. व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा किंवा कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल. हे कागद मुंबईत बसून मिळत नाहीत. गावी जावे लागते, तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो, दोन-तीन खेपा होतात. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या जागा गेल्याचे आम्ही आमच्या भाच्या-पुतण्यांच्या बाबतीत पाहिले आहे. मुलगा आठवी-नववीत असतानाच, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत गावी गेलात की हे काम उरकून घ्या.

दाखल्यावर पाच गोष्टी पाहाव्यात. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जात-धर्माची नोंद. आधार कार्डावर एक स्पेलिंग आणि शाळेत दुसरे असेल तर पुढे शिष्यवृत्ती अडते. मूल शाळेत शिकत असतानाच दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यावा. शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती फार कठीण होऊन बसते.

मुलींना घरी बसवू नका

आमच्या वेळी महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवीपर्यंतच होत्या. आठवीला दुसऱ्या हायस्कूलमध्ये नाव घालावे लागे. तिथे फी, गणवेश आणि लांबचे चालणे. नेमक्या या उंबरठ्यावर मुलींची नावे गळायची. सातवीत बरोबर बसलेल्या कितीतरी मैत्रिणी आठवीत दिसल्याच नाहीत. कुणी धाकट्यांना सांभाळत होती, कुणी आईबरोबर कामाला जात होती. ज्या आठवीत आल्या त्यांना पाळी सुरू झाल्यावर दुसरी अडचण आली. शाळेत मुलींसाठी धड स्वच्छतागृह नव्हते. त्या दिवसांत त्या घरी राहात आणि महिन्याचे तीन-चार दिवस अभ्यास बुडे. त्यामुळे गणित मागे पडे, मग नापास, मग "आता लग्नच करून टाकू" हे ठरलेले.

आमच्यातल्या एका मैत्रिणीची आई निरक्षर होती, लोकांच्या घरची भांडी घासायची. पण ती नवऱ्याला म्हणाली, "मी चार घरं जास्त धरीन, पण माझी पोर शाळा सोडणार न्हाई." ती मुलगी परिचारिका झाली. पुढे तिच्या पगारावर दोन भावांची शिक्षणे झाली. मुलीच्या शिक्षणाचा पैसा परक्या घरी जातो, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आज बऱ्याच शाळांत सोयी सुधारल्या आहेत. जिथे नाहीत तिथे पालकसभेत उभे राहून मागा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, हे विचारण्यात लाज नाही. आणि अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न हा गुन्हा आहे, हे वस्तीतल्या प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

वर्गातले टोमणे

सगळेच शिक्षक चाळीत येऊन फी माफीचा अर्ज भरून घेणारे नव्हते. एका तासाला एक शिक्षक शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचीत आणि नाव वाचले की म्हणत, "उठा, सरकारचे जावई." वर्ग हसायचा. त्या हसण्याने आमच्या दोन वर्गमित्रांनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरणेच सोडून दिले. पुढच्या वर्षी चार पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटले. आरडाओरडा केला नाही, फक्त म्हणाले, "यादी फळ्यावर लावा, वर्गात वाचू नका." यादी फळ्यावर लागू लागली.

मुलांनो, असा अपमान झाला तर तो पोटात ठेवू नका. घरी सांगा. घरी सांगणे अवघड वाटत असेल तर विश्वासातल्या एखाद्या शिक्षकाला, ताईला, दादाला सांगा. शिष्यवृत्ती ही भीक नाही. ज्यांना शेकडो वर्षे शाळेच्या दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी देशाने केलेली ती तरतूद आहे. ती मान ताठ ठेवून घ्यावी आणि अभ्यास इतका करावा की बोलणाऱ्याला विषय बदलावा लागेल. पालकांनी अशा वेळी एकट्याने भांडायला जाऊ नये. चौघांनी मिळून जावे, म्हणणे लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

गणित आणि इंग्रजी

आपल्या मुलांचे घोडे बहुधा या दोन विषयांवर अडते. ही मुले मंद असतात असे नाही. घरात विचारायला कुणी नसते आणि सहावी-सातवीतला कच्चा पाया तसाच पुढे ढकलला जातो. अपूर्णांक, शेकडेवारी आणि पाढे कच्चे असतील तर बीजगणित कितीही वेळा समजावले तरी डोक्यात जात नाही.

आमच्या चाळीत एक दादा होता. स्वतः कॉलेजात होता, दिवसा नोकरी करायचा. रात्री नऊ ते साडेदहा तो आम्हा दहाजणांना पॅसेजमध्ये बसवायचा. त्याची पद्धत सोपी होती. नववीतल्या मुलालाही तो आधी पाचवीची उदाहरणे घालायचा. जिथे अडेल तिथून पुढे सुरुवात. इंग्रजीसाठी रोज पाच वाक्ये स्वतः लिहायची, पाठ केलेली चालायची नाहीत. आणि एक नियम होता. ज्याला उदाहरण समजले त्याने ते शेजाऱ्याला समजावून द्यायचे. दुसऱ्याला शिकवताना आपलेच पक्के होते, हे आम्हाला तिथे कळले. त्या दहांपैकी नऊजण पहिल्या खेपेला पास झाले.

दहावीच्या मुलांसाठी आमचे सांगणे एवढेच :

आधी पाठ्यपुस्तक पुरे करा, मग अपेक्षित प्रश्नसंच हातात घ्या. पुस्तक न वाचता केलेले पाठांतर परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला की कोसळते.

जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण लिहा. आपल्या मुलांना उत्तरे येतात, पण वेळ पुरत नाही. लिहिण्याची सवय नसते हे त्याचे कारण.

येत नाही ते त्याच दिवशी विचारा. वर्गात लाज वाटत असेल तर तास संपल्यावर विचारा.

पुस्तके जपून वापरा आणि पास झालात की खालच्या वर्गातल्या मुलाला द्या. आम्ही अशाच पुस्तकांवर शिकलो.

नापास झाले म्हणून

आमच्या वेळी जूनमध्ये निकाल लागे आणि नापास झालेल्याला ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहावी लागे. म्हणजे ते वर्ष गेलेच. त्या मधल्या काळात पोरगा नाक्यावर उभा राहायला शिके, आणि एकदा नाक्याची सवय लागली की तो परत पुस्तकाकडे वळत नसे. आमचा दहावा मित्र तसाच गेला असता. पण त्याच्या बापाने त्याला मारले नाही की हाकलले नाही. जवळ बसवून म्हणाला, "बाबा, दोन विषय गेले ना? पाच तर सुटले. ऑक्टोबरला ते दोन सोडव." आणि त्याने ते सोडवले.

आता सोय बरी आहे. २०१५ पासून निकालानंतर थोड्याच दिवसांत फेरपरीक्षा होते, त्यामुळे वर्ष वाचू शकते. एक-दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी.ने अकरावीत बसण्याची तरतूद झाली. पण निकालाच्या दिवशी घरात काय बोलले जाते, ते या सोयींहून मोठे आहे. "शेजारच्याला बघ किती पडले" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. दरवर्षी निकालानंतर काही मुले जिवाचे बरेवाईट करून घेतात, त्या बातम्या आपण वाचतो. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, एकटे बसू लागले तर त्याला एकटे सोडू नका. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे फोन करून मराठीत बोलता येते.

दहावीनंतर कुठे?

दहावीनंतर काय काय करता येते, हे १९८४ साली आम्हाला सांगणारे कुणी नव्हते. ज्या दिशेला चाळीतला मोठा मुलगा गेला, त्या दिशेला खालचे सगळे गेले. आज माहिती आहे, पण ती आपल्या घरापर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणून थोडक्यात सांगतो.

हाताचे काम आवडणाऱ्या मुलाला आय.टी.आय. आहे. वीजतंत्री, फिटर, वेल्डर यांना काम मिळते. काही कोर्स आठवी पास मुलांनाही खुले आहेत. गणित-विज्ञान बरे असेल तर दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. अकरावी-बारावी करायची तर कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी मुलाला झेपेल आणि आवडेल ती शाखा घ्यावी. शेजाऱ्याने विज्ञान घेतले म्हणून आपणही घेऊ नये.

खर्चासाठी अकरावीपासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात आणि त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. समाज कल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. ही योजना २०१६-१७ पासून आहे. अटी आणि मुदती बदलत असतात. त्यामुळे जूनमध्येच कॉलेजच्या कचेरीत जाऊन विचारावे, शेवटच्या तारखेची वाट पाहू नये.

नोकरी करून शिकणे हा आपल्या समाजाचा जुना शिरस्ता आहे. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथे सकाळी वर्ग भरत, त्यामुळे कचेरीत काम करणाऱ्या तरुणांना पदवी घेता आली. आमच्यातले दोघे असेच सकाळी कॉलेज आणि दुपारी नोकरी करून पदवीधर झाले.

वस्तीने काय करावे

आमच्या त्या दादाजवळ पैसा नव्हता, संस्था नव्हती. होता एक फळा, एक बल्ब आणि रोजचा दीड तास. आज आपल्या जवळपास प्रत्येक वस्तीत एक बुद्धविहार आहे. संध्याकाळची वंदना झाली की पुष्कळ ठिकाणी विहाराला कुलूप लागते. तिथेच रोज रात्री आठ ते दहा अभ्यासिका चालवता येईल. वस्तीत दोन-चार पदवीधर असतातच. त्यांनी आठवड्यातून दोन रात्री दिल्या तरी पुष्कळ झाले. निवृत्त झालेल्या आमच्यासारख्यांनी मुलांचे दाखले तपासून द्यावेत, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून दहावीच्या गरजू मुलांची पुस्तके घेता येतील. आणि कुठल्या घरातले मूल शाळेत जायचे थांबले आहे, हे महिला मंडळाला सर्वांआधी कळते. त्या भगिनींनी आठ दिवसांच्या आत त्या घरी जाऊन यावे. उशीर झाला की मुलाला कामाची आणि घराला त्याच्या पैशांची सवय होते.

आम्ही यंदा तीन गोष्टी ठरवल्या आहेत. वस्तीतल्या आठवी ते दहावीच्या मुलांची यादी करायची, दर रविवारी सकाळी विहारात गणिताचा वर्ग घ्यायचा आणि डिसेंबरपर्यंत प्रत्येकाचा जातीचा दाखला हातात द्यायचा. तुमच्या वस्तीतही हे करता येईल. त्यासाठी जूनची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या रविवारी सुरुवात करा.

जयभीम!